मैदान ओलांडायचं कुणी?

नमस्कार मंडळी. पेडण्यापासून काणकोणापर्यंत जे कोण आत्ता ऐकताहेत, जेवणं उरकून बसलेले, दुकान बंद करता करता ऐकणारे, नाईट ड्युटीवर निघालेले, सगळ्यांना नमस्कार. आज एका जुन्या लढाईच्या पिक्चरबद्दल बोलायचंय. ‘टू लेट द हिरो’, १९७० सालचा, दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिच. त्याचाच १९६७ चा ‘द डर्टी डझन’ तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितला असेल, तो तेव्हा धो धो चालला होता, हा मात्र तिकीटबारीवर आपटला आणि मग लोक विसरूनच गेले. माझ्या मते दोन्हींत हाच सरस आहे, आणि का ते सांगायलाच आज बसलेय.

आधी थोडक्यात स्टोरी. १९४२ साल, पॅसिफिक महासागरातली न्यू हेब्रिडीज बेटं, म्हणजे आजचा वानुआतू देश. त्यातल्या एका बेटाच्या एका टोकाला ब्रिटिशांचा तळ, दुसऱ्या टोकाला जपान्यांचा, आणि मधे सगळं रान. खऱ्या इतिहासात जपानी फौज त्या बेटांवर कधी उतरलीच नाही, उलट अमेरिकेचाच तिथे मोठा तळ होता, त्यामुळे ही मोहीम कल्पनेतली आहे हे आधीच सांगून टाकते. तर जपान्यांकडे एक रेडिओ आहे, वायरलेस. अमेरिकन जहाजांचा ताफा त्या बाजूने जाणार, तो दिसला की जपानी खबर पुढे कळवणार. म्हणून रानातून जायचं, त्यांच्या रेडिओवरून जपानी भाषेत एक खोटा मेसेज पाठवायचा की इकडे सगळं ठीक आहे, आणि मग तो रेडिओ उडवायचा. त्या मेसेजसाठी जपानी येणारा माणूस हवा, आणि तो सापडतो एक अमेरिकन लेफ्टनंट, लॉसन, ज्याने आतापर्यंतचं युद्ध भाषांतरं करत आणि किनाऱ्यावर उन्हात पडून काढलंय. त्याची रजा रद्द होते आणि त्याला उचलून या ब्रिटिशांच्या टोळक्यात टाकतात. त्याला जायचं नाहीये. आणि गंमत नाही सांगत, त्या अख्ख्या तुकडीत जवळजवळ कोणालाच जायचं नाहीये.

आता ते मैदान. ब्रिटिशांचा तळ आणि रान यांच्यामधे एक मोकळा पट्टा आहे, झाड नाही, झुडूप नाही, लपायला काही म्हणजे काही नाही. पिक्चर सुरू होतो तेव्हाच एक तुकडी मोहिमेवरून परत येत असते, रानाच्या कडेपर्यंत पोचते आणि मग पुढे पळत सुटते, कारण पळण्याशिवाय दुसरा मार्गच नाही. मागून रानातून गोळ्या सुटतात. तळावरचे सोबती बघताहेत, ओरडताहेत, पण त्यांच्या हातात ओरडण्यापलीकडे काही नाही. आणि ती माणसं घराच्या उंबऱ्याशी येऊन पडतात. लॉसन हे बघतो. त्याच्याबरोबर आपणही बघतो. इथून पुढे अख्खा पिक्चर आपल्या डोक्यात एकच हिशोब चालू राहतो, जाताना हे मैदान आहे आणि परत येतानाही हेच मैदान आहे. दिग्दर्शकाने पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाच्या पोटात तो गोळा ठेवून दिला, त्यानंतर त्याला भीती दाखवायला वेगळं काही करावं लागत नाही.

आपण गोव्यातली मराठी माणसं ऐतिहासिक नाटकांवर वाढलो. जत्रेला, काल्याला, देवळासमोरच्या मांडवात रात्रभर नाटक, पहाटे शेवटचा अंक, मुलं आईच्या मांडीवर झोपलेली आणि स्टेजवर तलवारीचा खणखणाट. शिवाजी महाराज, संभाजी, तानाजी, बाजीप्रभू यांना पानपानभर वाक्यं, आणि ती पाठ म्हणणारे प्रेक्षकही असायचे, अजून आहेत. पण विंगेच्या बाजूला भाला धरून जो मावळा उभा असतो ना, त्याला एक वाक्य नसतं. फार तर ‘जी महाराज’. त्याच्या घरी कोण आजारी आहे, पेरणी झाली का, त्याला आज रात्री खरंच यायचं होतं का, हे कोणी विचारत नाही, नाटक तसं लिहिलेलंच नसतं. मला ती नाटकं आवडतात, मनापासून आवडतात, त्यांच्यावर टीका करायला मी हे सांगत नाहीये. पण ‘टू लेट द हिरो’ बघताना मला सारखं वाटत होतं की इथे सगळी वाक्यं त्या भालेवाल्यालाच दिलीयत. तो कुरकुरतो, शिव्या घालतो, साहेबाच्या पाठीमागे साहेबाची अक्कल काढतो, कुठून सटकता येईल ते बघतो. आणि तरी चालत राहतो.

या भालेवाल्यांमधला मुख्य म्हणजे टॉश, लंडनच्या गरीब वस्तीतला, तुकडीतला मलमपट्टी करणारा शिपाई, आणि ते काम केलंय मायकेल केनने. केन स्वतः पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीच्या लष्करी सेवेत होता आणि तिथून थेट कोरियाच्या लढाईत आघाडीवर गेला होता, कोवळ्या वयात. म्हणून असेल कदाचित, पण त्याच्या चेहऱ्यावर जी सावधगिरी आहे, मान किंचित खाली, डोळे सतत कडेला, ती नुसत्या अभिनयाची वाटत नाही. लॉसनचं काम क्लिफ रॉबर्टसनचं. त्याच सुमाराला, एप्रिल १९६९ मध्ये, त्याला ‘चार्ली’ या पिक्चरसाठी बेस्ट ॲक्टरचं ऑस्कर मिळालं आणि सोहळ्याला तो जाऊच शकला नाही, कारण तो फिलिपिन्समध्ये याच पिक्चरच्या शूटिंगला अडकलेला. लॉसनच्या चेहऱ्यावर जे ‘मी इथे काय करतोय’ असं दिसतं त्याचा या गोष्टीशी काही संबंध असेल की नसेल, मला मात्र ते दोन्ही एकत्रच आठवतं.

रानाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्याकडे सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या अभयारण्याच्या बाजूला, पावसाळ्यात जे आत गेलेत त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. वाट सोडून जरा आत शिरलं की दिशा जाते. वर आभाळ दिसत नाही, खाली पाचोळा भिजून मऊ झालेला, पाय टाकला की त्यातून पाणी वर येतं, आणि जळू कधी चढली ते कळत नाही, मोज्यावर लाल डाग दिसला की मगच कळतं. माहितगार माणूस आधीच पायांना तंबाखू-चुना चोळून निघतो आणि जळू लागलीच तर ओढून काढत नाही, मीठ लावतो, गळून पडते आपोआप. अशा माणसांचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानांकडे जास्त असतं. रातकिडे एकाएकी गप्प झाले की तेही उभे राहतात, का ते नंतर बघू, आधी थांबायचं. पिक्चरमधले सैनिक असे माहितगार नाहीत. ती शहरातली पोरं आहेत, रानात आवाज करतात, भांडतात, दमतात, आणि म्हणूनच बघताना आपला जीव टांगणीला लागतो.

त्या युद्धात जंगल खरंच बंदुकीपेक्षा जास्त माणसं खात होतं. बर्मा आघाडीचे जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे एकशेवीस सैनिक आजारपणामुळे मागे पाठवावे लागत होते. एकास एकशेवीस! मलेरिया, हगवण, पायांचे आजार. मलेरियासाठी मेपाक्रिनच्या गोळ्या द्यायचे, त्याने कातडी पिवळी पडायची, आणि सैनिक त्या गोळ्या टाळायचे म्हणून अधिकारी समोर उभे राहून गिळायला लावायचे. या बर्माच्या आघाडीवर मराठा पलटणीची आपली माणसंही होती हे विसरू नका, कोकणातली, देशावरची, घाटावरची. त्यांनी पावसात काय खाल्लं, कुठे झोपले, याची पिक्चर सोडा, साधी कादंबरीही फारशी हाताला लागत नाही.

तुकडीचा कॅप्टन आहे हॉर्न्सबी, डेनहोम एलियटने केलाय, फार सुंदर केलाय. हा माणूस शूर आहे आणि चुकतो. रानवाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवून जपान्यांवर छापा घालतो आणि समोरासमोर बसलेल्या आपल्याच माणसांच्या गोळ्या आपल्याच माणसांना लागतात. त्यानंतर त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल? आणि हाच कॅप्टन पुढे जपान्यांच्या तळावर रेडिओच्या झोपडीत शिरायला तयार होतो, लॉसनला म्हणतो चल, आणि लॉसन नाही म्हणतो. सरळ नाही. मग कॅप्टन एकटा जातो आणि परत येत नाही. इथे थांबून मला सांगा, चूक कोणाची? लॉसन भित्रा का? जो माणूस काल आपल्याच लोकांना मारून बसला त्याच्यामागे मरायला जायचं? पण मग ती जहाजं आणि त्यांच्यावरचे हजारो खलाशी, त्यांचं काय? पिक्चर उत्तर देत नाही आणि मला तेच आवडलं. लॉसन पुढचा सगळा रस्ता ते ‘नाही’ खांद्यावर घेऊन चालतो, कोणी त्याला बोलून दाखवो न दाखवो.

आणि आता तो सीन ज्यासाठी रेडिओवरूनच याबद्दल बोलायचं असं मी ठरवलं होतं. परतीच्या वाटेवर उरलेली मूठभर माणसं रानातून चाललीयत आणि अचानक झाडांतून आवाज येतो. लाऊडस्पीकर. जपानी मेजर यामागुची बोलतोय, चांगल्या इंग्लिशमध्ये, शांतपणे, अगदी सभ्यपणे. हे काम केन ताकाकुराने केलंय, जपानमधला त्या काळचा फार मोठा स्टार. तो सांगतो की तुम्ही काय बघितलंय ते आम्हाला माहीत आहे, तुम्हाला परत जाऊ देता येणार नाही, पण शरण या, तुम्हाला नीट वागवू. माणूस दिसत नाही. फक्त आवाज, पुढच्या झाडातून, मग मागच्या झाडातून, आणि तो आवाज ओरडत नाही. प्रत्येक जण ऐकतो आणि एकमेकांकडे बघत नाही, कारण प्रत्येकाच्या मनात तेच आलेलं असतं. जावं का? त्यांनी काय बघितलंय तर जपान्यांची विमानं, रानात लपवलेली, आणि ती बातमी तळावर पोचली नाही तर जहाजांचा निकाल लागणार. पण त्या क्षणी जहाजं लांब आहेत आणि आवाज कानाशी आहे. माणसाच्या आवाजात किती ताकद असते ते आम्हा रेडिओवाल्यांना वेगळं सांगायला नको, पण एका आवाजाने तुकडीतली माणसं एकेकटी होत जातात हे इतकं स्वच्छ दाखवलेलं मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही. शत्रूचा अधिकारी इथे राक्षस नाही, हुशार आहे, शब्दाचा पक्का वाटतो, आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो. शेवटी ते मैदान येतं, पळायचं असतं, दोघं पळतात. कोण पोचतं ते सांगत नाही, बघा तुम्ही.

शत्रूचा रेडिओ बंद पाडायचा, ही गोष्ट गोव्याला नवीन नाहीये, आपल्या मुरगाव बंदरातच घडलीय, आणि ती खरी. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीची जहाजं इथे आसऱ्याला येऊन थांबली, कारण पोर्तुगाल तटस्थ. त्यातलं एक एहरेनफेल्स. त्याच्यावरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून आपल्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना जातेय अशी ब्रिटिशांची खात्री झाली, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या काही मध्यमवयीन माणसांनी, जे एरवी ऑफिसात बसून धंदा करायचे, एका संथ बार्जमधून येऊन त्या जहाजावर चढाई केली. जर्मनांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. हे सगळं ३५ वर्षं गुपित राहिलं, मग १९७८ मध्ये बाहेर आलं आणि १९८० मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ज’ पिक्चर निघाला, त्याचं शूटिंग गोव्यातच झालं, तेव्हा ते बघायला गेलेले लोक अजून आहेत आपल्यात. तो पिक्चर मजेदार आहे. पण ती माणसं स्वतः हात वर करून आली होती. टॉश आणि लॉसनला कोणी विचारलंच नव्हतं, आणि माझं मन तिकडेच जातं.

पिक्चर आला तो काळही बघा. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत व्हिएतनामसाठी सैन्यभरतीची सोडत झाली, वर्षातल्या ३६६ तारखा कॅप्सूलमध्ये घालून काचेच्या बरणीतून एकेक काढत गेले, पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेल्या पोरांचा नंबर पहिला. टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलं. त्याच वर्षांत पोर्तुगालची पोरं अंगोला, गिनी, मोझांबिकच्या जंगलात लढत होती, सक्तीने, १९६१ पासून, आणि शेवटी १९७४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच तरुण अधिकाऱ्यांनी ती राजवट उलथवली.

आणि १९६१ म्हटलं की आपण आलो घरी. डिसेंबरचा महिना, भारतीय सेना सीमेवर, आणि लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना, की शरणागती नको, कैदी नकोत, सैनिक एकतर विजयी किंवा मेलेले. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक होते गोव्यात, विमानं नाहीत, तोफा जुन्या, आणि समोर अख्खी भारतीय सेना. त्यातले कित्येक विशीतले, घरापासून हजारो मैल लांब. वासालो इ सिल्वा यांनी तो हुकूम मानला नाही, १९ डिसेंबरला शरणागती दिली. पणजी वाचली, माणसं वाचली, त्यांची आणि आपलीही. ते सैनिक १९६२ च्या मे पर्यंत इथे कैदेत होते आणि मग मायदेशी गेले तर तिथे त्यांना गुन्हेगारासारखं वागवलं. गव्हर्नरला सैन्यातून काढून टाकलं, १९७४ च्या क्रांतीनंतर मान परत मिळाला. मी मुक्तीच्या बाजूची आहे, पूर्णपणे, गोवा मुक्त झाला याचा मला अभिमान आहे, आणि तरीही मी म्हणते की त्या माणसाने त्या दिवशी जे केलं त्याला धैर्य लागलं. चौदा डिसेंबरचा तो संदेश हातात घेऊन ‘नाही’ ठरवणं म्हणजे लाऊडस्पीकरचा आवाज दोन्ही बाजूंनी ऐकण्यासारखं होतं, एक आवाज समोरून आणि एक स्वतःच्याच साहेबाचा.

आणखी मागे जा, १८९५. पोर्तुगीज सैन्यातल्या गोव्यातल्या मराठा शिपायांना हुकूम आला, मोझांबिकला चला, तिथलं बंड मोडायचंय. समुद्र ओलांडून, परक्या रानात, परक्या राजासाठी, ज्यांनी यांचं काही बिघडवलं नव्हतं त्यांच्यावर गोळ्या झाडायला. सप्टेंबरात शिपायांनी बंड केलं आणि सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याकडे गेले, सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे आणि बाकीची राणे मंडळी त्यांना येऊन मिळाली. ते बंड मोडायला पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ फौज घेऊन गोव्यात आला, इतकं ते वाढलं. दादा राण्यांना पुढे टिमोरला हद्दपार केलं. आपण हे राण्यांचं बंड म्हणून शिकतो आणि ते बरोबरच आहे, राण्यांचा मान मोठा आहे, पण सुरुवात कुठे झाली बघा, बराकीत बसलेल्या साध्या शिपायांनी की आम्ही जाणार नाही. त्यांची नावं शाळेच्या पुस्तकात नाहीत. यावर कोणीतरी पिक्चर करायला हवा, मराठीत, आणि सत्तरीतच शूट करायला हवा, पावसात, खऱ्या रानात. नायक दादा राणे असू दे, पण वाक्यं शिपायांना द्या. बोट लागलीय, नाव पुकारलं जातंय, घरी बायको वाट बघतेय, हा सीन कोण लिहील? गोव्यात नाटक लिहिणारी इतकी माणसं आहेत, दर जत्रेला नवीन संहिता येते, तुमच्यातल्या कोणीतरी हे मनावर घ्या. मी खरंच सांगतेय.

आणि एक विनंती. तुमच्या घरात, वाड्यावर, पोर्तुगीज काळात शिपाई असलेला, आफ्रिकेत जाऊन आलेला, महायुद्धात बर्मात किंवा आणखी कुठे गेलेला कोणी असेल, आजोबा, पणजोबा, आजीचा भाऊ, त्याची पत्रं, फोटो, पेन्शनचे कागद ट्रंकेत असतील तर बाहेर काढा, वाळवी लागायच्या आत. कोणी अजून सांगणारं असेल तर शेजारी बसा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, पराक्रमच विचारायला पाहिजे असं नाही, काय खायचात, भीती कधी वाटली, जायचं होतं का, असं साधं विचारा. आमच्याकडे पाठवलंत तर या कार्यक्रमात ऐकवू, ते तर नक्की.

पिक्चर मिळाला तर बघा, लांब आहे, मधे जरा रेंगाळतो, ते सोसा. आणि लाऊडस्पीकरचा भाग आला की इयरफोन लावा, टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर त्या आवाजाची अर्धी मजा जाते. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.